थ्रिलरची पहिली दोन मिनिटं कशी बांधायची: नवीन शॉर्टफिल्म करणाऱ्यांसाठी

थ्रिलर करायचा ठरलं की बहुतेक नवीन पोरं आधी अंधार शोधतात. लाईट बंद, हूडी घातलेला माणूस पाठमोरा, मागे घुंऽऽ असा एक आवाज, चाकूचा क्लोजअप, किंकाळी, काळी स्क्रीन आणि मग नाव. दिसायला सगळं बरोबर असतं पण बघणारा मात्र आरामात मोबाईल चाळत बसलेला असतो, कारण तो माणूस कोण, चाकू कुणासाठी, आपण काळजी कुणाची करायची यातलं काहीच त्याला माहीत नसतं, आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याला धाकधूक कशाची वाटणार? मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, की सस्पेन्स लपवण्यातून कमी आणि सांगण्यातून जास्त तयार होतो. प्रेक्षकाला थोडीशीच पण अगदी स्वच्छ माहिती द्यायची आणि एकच गोष्ट हातात धरून ठेवायची. अंधार, धूर, म्युझिक हे सगळं त्याच्या नंतर.

खाली जे लिहिलंय ते मोबाईलवर शूट करणाऱ्यांना पण करता येईल असंच आहे. काही गाजलेल्या चित्रपटांच्या सुरुवाती सांगितल्यात, शेवट कुठलाच फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

पायरी १: एक सुरुवात निवडा आणि तीनदा बघा

एकदा नेहमीसारखी. एकदा आवाज पूर्ण बंद करून. आणि एकदा डोळे मिटून नुसता आवाज ऐकत. सोबत वही घ्या आणि प्रत्येक शॉटला दोनच गोष्टी लिहा: या शॉटमध्ये मला नवीन काय कळलं, आणि आता मला कुठला प्रश्न पडला. बस. कॅमेरा अँगलची नावं वगैरे पाठ करत बसू नका, ती आपोआप येतील.

सुरुवात करायला सगळ्यात चांगली म्हणजे ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'ची (१९५८). साधारण ३ मिनिटं २० सेकंदांचा एकच न तुटलेला शॉट आहे. पहिल्याच क्षणी कुणाचे तरी हात बॉम्बचा टायमर लावतात, तो बॉम्ब एका गाडीच्या डिकीत ठेवला जातो, गाडीत एक माणूस आणि एक बाई येऊन बसतात आणि गाडी निघते. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरचं गाव, रात्रीची गर्दी, कॅमेरा क्रेनवरून वर जातो, खाली येतो, मध्येच एक नवविवाहित जोडपं चालताना दिसतं आणि आता गाडी कधी त्यांच्या पुढे, कधी मागे, कधी अगदी शेजारी. रस्त्यात बकऱ्या आडव्या येतात, पोलीस गाडी थांबवतो, चेकपोस्टवर गप्पा होतात, आणि गाडीतली बाई म्हणते की माझ्या डोक्यात कसली तरी टिकटिक ऐकू येतेय, तर तिच्याकडे कुणी लक्षच देत नाही. आपण मात्र खुर्चीत आवळून बसलेलो.

आता वहीत बघा काय लिहिलं गेलं. बॉम्ब आहे हे कळलं, कुठे आहे ते कळलं, वेळ कमी आहे हे पण कळलं. लपवलं काय? बॉम्ब लावणारा कोण, एवढंच. म्हणजे जवळजवळ सगळं सांगून टाकलंय आणि तरी श्वास अडकतो. अंधारात हूडी घालून फिरणाऱ्या माणसाच्या बरोबर उलट आहे हे.

अजून एक गोष्ट इथेच करून बघा. या चित्रपटाची वेगवेगळी रूपं मिळतात, त्यातली दोन घ्या. १९५८ साली स्टुडिओने रिलीज केलं त्यात या शॉटवर कलाकार-तंत्रज्ञांची नावं येतात आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत वाजतं. वेल्सने स्टुडिओला ५८ पानांची टिपणं लिहून दिली होती, ती आधाराला धरून एडिटर वॉल्टर मर्चने १९९८ मध्ये चित्रपट पुन्हा एडिट केला, तेव्हा नावं काढली आणि ते संगीत पण काढलं. आता ऐकू येतात रस्त्यावरचे आवाज, बारमधलं गाणं, गाडीतला रेडिओ. दोन्ही लागोपाठ बघा. दुसऱ्या रूपात गाडी दिसेनाशी झाली की तुम्ही तिचा रेडिओ शोधायला लागता, कारण रेडिओ जवळ आला म्हणजे बॉम्ब जवळ आला. यावर आवाजाच्या पायरीत परत बोलू.

पायरी २: तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा

कॅमेरा काढायच्या आधी हे. सुरुवात संपल्यावर प्रेक्षकाच्या डोक्यात कुठला एक प्रश्न असायला हवा? एकच, आणि तो प्रश्न चहाच्या टपरीवर मित्राला सांगता आला पाहिजे. "आयुष्य म्हणजे काय" हा प्रश्न नाही चालणार. "बंद घरातून दूध कोण घेतंय" हा चालेल.

बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०) बघा, एकही गाणं नसलेला हिंदी चित्रपट, त्या काळात. सुरुवातीलाच कोर्टात उभा असलेला आरोपी म्हणतो की ज्या माणसाच्या खुनासाठी मला आज उभं केलंय त्याच माणसाच्या खुनाची शिक्षा मी आधीच भोगून आलोय. ना अंधार ना पाठलाग, एक माणूस बोलतोय फक्त, पण प्रश्न इतका टोकदार आहे की पुढे बघितल्याशिवाय राहवत नाही.

आपण एक उदाहरण धरून पुढे जाऊ म्हणजे सोपं पडेल. एक साधी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. पहाटे दूध टाकणारा मुलगा जिना चढतोय. दुसऱ्या मजल्यावर एका दाराच्या कडीला कापडी पिशवी लटकलेली आहे, तो त्यात दूध टाकायला जातो तर आत कालची आणि परवाची पिशवी तशीच, फुगलेली, वास मारणारी. तो बेल वाजवतो, कुणी येत नाही, आजचं दूध वर ठेवतो आणि वरच्या मजल्यावर निघून जातो. दार किलकिलं उघडतं. एक हात बाहेर येतो, फक्त आजची पिशवी उचलतो, जुन्या दोन तशाच ठेवतो, दार बंद.

खर्च शून्य, लोकेशन तुमचीच बिल्डिंग. प्रश्न एका वाक्यात: आत कोण आहे, आणि काल-परवा तो तिथे का नव्हता?

पायरी ३: कोणाला किती माहीत आहे ते ठरवा

सस्पेन्ससाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक हे समजावून सांगायचा ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण घेऊन, फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोने घेतलेल्या त्याच्या लांबलचक मुलाखतीत ते आहे. दोन माणसं गप्पा मारतायत, अचानक स्फोट होतो, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का मिळतो. पण बॉम्ब आधीच दाखवला असेल आणि समोर घड्याळ असेल तर त्याच कंटाळवाण्या गप्पा १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. गप्पा त्याच आहेत, बदललंय ते प्रेक्षकाला काय माहीत आहे एवढंच.

म्हणजे तुमच्याकडे तीन जागा आहेत. प्रेक्षकाला पात्रापेक्षा कमी माहीत असेल तर गूढ तयार होतं, माणूस विचार करायला लागतो. प्रेक्षकाला जास्त माहीत असेल तर सस्पेन्स, माणूस घाबरायला लागतो. आणि दोघांना सारखंच माहीत असेल तर दोघं मिळून शोधायला लागतात, पोलिसी तपासाच्या चित्रपटात हे खूप वापरतात. चांगली सुरुवात बऱ्याचदा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारते, आणि ती उडी नेमकी कुठे मारायची यातच सगळी गंमत आहे.

याचा सगळ्यात सुंदर धडा माझ्या मते क्वेंटिन टॅरँटिनोच्या 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'च्या (२००९) सुरुवातीला आहे. तो युद्धपट आहे, मान्य, पण पहिला प्रसंग थ्रिलर शिकणाऱ्या प्रत्येकाने बघावाच. १९४१ साल, जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स, एका शेतकऱ्याच्या घरी नाझी अधिकारी येतो, गोड बोलतो, दूध मागतो, कागद टेबलावर मांडून ठेवतो, पेनात शाई भरतो, सगळं निवांत चाललंय. इथपर्यंत आपल्याला फक्त शंका आहे, शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरून. आणि मग बोलणं चालू असतानाच कॅमेरा हळूच खाली उतरतो, लाकडी फरशीच्या खाली, आणि तिथे लपलेलं ज्यू कुटुंब दिसतं, तोंडावर हात दाबून पडलेलं. त्या एका हालचालीने सगळा प्रसंग बदलतो. आधी आपण विचारत होतो की हा अधिकारी आलाय कशाला, आता आपण विचारतोय की याला कळलंय का. त्यानंतर बुटाचा प्रत्येक आवाज, खुर्ची सरकल्याचा प्रत्येक आवाज आपल्याला फरशीखालून ऐकल्यासारखा वाटतो. आणि हे प्रसंगाच्या पहिल्या मिनिटाला दाखवलेलं नाही, आधी गूढ पुरेसं ताणून घेतलं आणि मग माहिती दिली. हा क्रम लिहून ठेवा.

आता आपलं दुधाचं उदाहरण. वर सांगितलं ते गूढ आहे, आपण दूधवाल्या मुलासोबत बाहेर उभे आहोत. हेच सस्पेन्स करायचं असेल तर सुरुवात आतून करा. स्वयंपाकघराच्या फरशीवर कुणाचा तरी चष्मा पडलाय, जाड भिंगाचा, म्हातारीचा असावा असा. एक पंचविशीतला माणूस टेबलाशी बसून शांतपणे चहा पितोय, कोरा. जिन्यात चपलांचा आवाज येतो तसा तो कप खाली ठेवतो, आवाज न करता. मग बाहेर या, मुलगा बेलकडे हात नेतोय. आता बेल वाजवू नको रे बाबा असं प्रेक्षकाला वाटलं पाहिजे. जागा तीच, वस्तू जवळजवळ त्याच, फक्त एक चष्मा आणि एक माणूस आधी दाखवला.

दोन्ही कागदावर लिहून बघा, मगच निवडा. मला स्वतःला यातलं तिसरं रूप जास्त आवडतं: आधी बाहेरचं गूढ, हात बाहेर येतो, पिशवी उचलतो, आणि मग आपण त्या हातासोबत आत जातो आणि चष्मा बघतो, आणि तेवढ्यात मुलगा वरून खाली येताना ऐकू येतो. म्हणजे उडी मारली.

पायरी ४: वस्तूंना बोलू द्या

नवीन लेखक सुरुवातीलाच पात्रांच्या तोंडी सगळी माहिती घालतात. "तुला माहीत आहे ना, बाबा जाऊन आज बरोबर एक वर्ष झालं." असं कुणी बोलत नाही हो. 'रिअर विंडो'ची (१९५४) सुरुवात बघा. उन्हाळ्याची सकाळ, तापलेला थर्मामीटर, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर घाम, प्लास्टरमधला पाय, मोडलेला कॅमेरा, भिंतीवर रेसच्या गाडीच्या अपघाताचा फोटो. एक शब्द न बोलता कळलं की हा फोटोग्राफर आहे, धोका पत्करणारा आहे, फोटो काढताना पाय मोडून घेतलाय आणि आता खिडकीपाशी अडकून पडलाय. मागच्या खिडक्यांमधले शेजारी पण त्यातच दाखवून झाले.

आणि वस्तू नुसत्या माहिती देत नाहीत, त्या माणसाच्या जागी उभ्या राहतात. फ्रिट्झ लँगचा 'एम' (१९३१), जर्मन, इतका जुना तरी आज पण अंगावर येतो. एक शाळकरी मुलगी चेंडू खेळत घरी निघालीय. खुनी पकडून देणाऱ्याला बक्षीस अशा पोस्टरवर ती चेंडू आपटतेय आणि त्या पोस्टरवर एका माणसाची सावली पडते. तो तिला फुगा घेऊन देतो. तिकडे आई ताट मांडून वाट बघतेय, घड्याळ बघतेय, हाका मारतेय. मग फक्त रिकामा जिना, माळ्यावर वाळत घातलेले कपडे, रिकामं ताट, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, आणि विजेच्या तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेलाच नाही आणि दाखवायची गरज पण नाही. रक्ताच्या बाटलीवर पैसे घालवायच्या आधी हा प्रसंग दहा वेळा बघा खरंच.

तर तुमच्या दोन मिनिटांसाठी तीन वस्तू निवडा, जास्त नको. आपल्याकडे आहेत: दुधाच्या जुन्या पिशव्या, चष्मा, दाराची कडी. प्रत्येक वस्तू दोनदा दिसली पाहिजे आणि दुसऱ्यांदा दिसेल तेव्हा तिचा अर्थ बदललेला पाहिजे. एकदाच दिसणारी वस्तू म्हणजे नुसती सजावट.

पायरी ५: काहीतरी संपत आलंय असं ठेवा

टायमर लावलेला बॉम्ब प्रत्येकाकडे नसतो. पण कुकरच्या शिट्ट्या असतात, भरत आलेली पाण्याची टाकी असते, फोनची ३ टक्के बॅटरी असते, लोकल पुढच्या स्टेशनात शिरत असते. 'स्क्रीम'मध्ये (१९९६) मुलगी फोनवर बोलतेय तेव्हा गॅसवर पॉपकॉर्नचं पाकीट फुगत जातं, फुगत जातं, आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणी नाही. आपल्या उदाहरणात दूधवाल्या मुलाचे मजले हेच घड्याळ आहे. तो चौथ्या मजल्यापर्यंत जाणार आणि परत खाली येणार, म्हणजे आतल्या माणसाकडे वेळ तेवढाच. त्याच्या चपला नीट ऐकू आल्या की झालं.

पायरी ६: कॅमेरा कुणाचा आहे?

प्रत्येक शॉटला विचारा की हे बघतंय कोण. 'जॉज'च्या (१९७५) सुरुवातीला आपण पाण्याखालून बघतो, जॉन विल्यम्सचे ते दोनच सूर वाजत असतात, आणि थोड्या वेळाने रात्री पोहायला उतरलेली मुलगी त्याच नजरेतून, खालून दिसते. शार्क दिसतच नाही, दिसते फक्त ती मुलगी पाण्यात इकडून तिकडे ओढली जाताना. म्हणजे बघणारा कोण ते माहीत नाही पण कुणीतरी बघतंय हे पक्कं माहीत आहे.

याचंच शांत रूप 'द कन्व्हर्सेशन'मध्ये (१९७४, कपोला). सॅन फ्रान्सिस्कोतला युनियन स्क्वेअर, दुपारची गर्दी, खूप उंचावरून कॅमेरा अगदी हळूहळू झूम करत खाली येतो. माणसं साधी, ऊन पडलंय, वाद्यं वाजतायत. फक्त मध्येच आवाज फाटतो, रोबोटसारखा खरखरतो, आणि तेव्हा लक्षात येतं की कुणीतरी चोरून रेकॉर्ड करतंय आणि आपण त्यांच्या कानाने ऐकतोय. भर दुपारी, गर्दीत केलेला सस्पेन्स आहे हा. रात्रच पाहिजे असा हट्ट का धरायचा मग?

आपल्याकडे: मुलगा असताना कॅमेरा त्याच्या खांद्यापाशी, त्याच्यासोबत हलणारा. तो वर गेला की कॅमेरा जिन्यातच थांबतो, ट्रायपॉडवर, न हलता. हा बदल प्रेक्षक शब्दात सांगू शकणार नाही पण त्याला जाणवेल, कारण आता त्या मजल्यावर कुणीच नसताना आपण बघतोय. आणि तो रिकाम्या दाराचा शॉट तुम्हाला सोसेल त्यापेक्षा थोडा जास्त वेळ धरा, मगच कडी हलू दे.

पायरी ७: शूट

पटकन सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे त्यामुळे ट्यूबलाईट आणि बऱ्याच एलईडीखाली मोबाईलच्या व्हिडिओत पट्टे हलताना दिसतात, तर मॅन्युअल मोड असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर दार उघडल्यावर फोन स्वतःच उजेड वाढवतो आणि सगळा शॉट वाया. अंधार पाहिजे म्हणून लाईट नसलेल्या जागी शूट करू नका, नुसतं खरखरीत दिसतं, उलट एका बाजूने एकच दिवा द्या आणि एक्सपोजर खाली आणा. पहाट दाखवायला पहाटे उठलंच पाहिजे असं काही नाही, सूर्य मावळल्यावर थोडा वेळ जो निळसर उजेड असतो तो बघणाऱ्याला पहाटच वाटतो, फक्त वेळ फार कमी मिळतो म्हणून रिहर्सल आधी करून ठेवा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि त्या मजल्यावरच्या लोकांना आधी सांगा. आणि खेळण्यातली बंदूक किंवा चाकू घेऊन रस्त्यावर, स्टेशनवर शूट करायचं असेल तर परवानगी आणि पोलिसांना कल्पना दिल्याशिवाय अजिबात करू नका, बघणाऱ्याला तुमचं शूटिंग चाललंय हे दिसत नसतं.

पायरी ८: आवाज, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

शूटिंग झालं की इंटरनेटवरून एक भीतीदायक ट्रॅक उतरवून संपूर्ण दोन मिनिटांवर पसरायचा, हे फार लोक करतात. त्याने होतं काय की पहिल्या सेकंदापासून तुम्ही प्रेक्षकाला सांगता की घाबर, आणि मग घाबरायची वेळ येते तेव्हा वाढवायला काही उरतच नाही.

त्याऐवजी असं करा. शूटच्या जागी सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसता त्या जागेचा आवाज रेकॉर्ड करा, जिना वेगळा, घराच्या आतला वेगळा. दुसरा फोन पात्राच्या जवळ लपवून ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे एडिटला दोन्ही जुळवता येतात. घरी येऊन कडी, प्लास्टिकची पिशवी, चपला, कप बशीवर ठेवल्याचा आवाज हे सगळं जवळून पुन्हा रेकॉर्ड करा. मग एडिटमध्ये पहाटेचा आवाज भरपूर ठेवा, कावळे, कुणाच्या तरी घरातली भक्तिगीतं, खालून स्कूटर सुरू होतेय, एकदम नेहमीची सकाळ. आणि दार किलकिलं होतं तेव्हा यातले आवाज एकेक करून काढून घ्या. एकदम नाही, एकेक. शेवटी राहिल्या पाहिजेत फक्त वरून येणाऱ्या चपला. इथे तो रेडिओचा धडा आठवा, जो धोका दिसत नाही त्याला एक आवाज द्या आणि त्या आवाजाचं अंतर बदलत राहा. आपल्या कथेत चपला जवळ येणं हेच म्युझिक आहे.

सूर हवेच असतील तर शेवटच्या काही सेकंदांत आणा, तोवर थांबा.

पायरी ९: एडिट

पहिला कट तयार झाला की पहिला शॉट उडवून बघा. बहुतेक वेळा बिल्डिंगचा बाहेरचा शॉट, सूर्योदय, गेट असलं काहीतरी असतं आणि ते काढल्यावर काहीच बिघडत नाही. थेट फुगलेल्या पिशवीवर सुरुवात करून बघा.

नंतर दोन गोष्टी तपासा. पात्राने काहीतरी बघितलं आणि लगेच तुम्ही ते दाखवलं असं असेल तर मध्ये थोडं थांबा, चेहरा आधी धरा, वस्तू नंतर. आणि शॉट सगळे सारख्या लांबीचे झालेत का बघा, तसं असेल तर मन आपोआप तालात बसतं आणि ताण जातो. काही लांब, काही एकदम तुटलेले ठेवा. सॉफ्टवेअर कुठलंही चालतं, दाविंची रिझॉल्व्हचं फुकट मिळणारं रूप पण यासाठी भरपूर आहे.

एक वेगळा प्रकार पण माहीत असू दे. श्रीराम राघवन, जे पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, त्यांच्या 'अंधाधुन'ची (२०१८) सुरुवात कोबीच्या शेतात एका सशाच्या मागे लागलेल्या बंदूकवाल्याने होते, मग गोळीचा आवाज, काळी स्क्रीन, आणि कथा भलतीकडेच सुरू. बराच वेळ त्या सशाचा काही संबंध लागत नाही. 'कहानी'त (२०१२) पण आधी कोलकाता मेट्रोतला विषारी वायूचा हल्ला आणि मग दोन वर्षांनंतर विमानतळावर उतरणारी गरोदर विद्या. हे असं करायचं असेल तर सुरुवातीचं चित्र इतकं वेगळं आणि ठळक पाहिजे की तासाभराने पण आठवलं पाहिजे. पाच-दहा मिनिटांच्या शॉर्टफिल्ममध्ये मी हे टाळा असंच म्हणेन, उलगडायला जागाच नसते.

पायरी १०: नावं

'सेव्हन'ची (१९९५) नावं बघा, कायल कूपरने केलेली. थरथरणारी, फिल्मवर ओरखडून काढल्यासारखी अक्षरं, मध्ये कुणाचे तरी हात, बोटांची कातडी ब्लेडने तासणारे, वह्या शिवणारे, फोटोंवर काट मारणारे. खुनी समोर येतो तो चित्रपट बराच पुढे गेल्यावर, पण त्याच्या घरात आपण पहिल्या काही मिनिटांतच जाऊन आलेलो असतो. 'सायको'त (१९६०) नावं संपल्यावर उलट आहे, पडद्यावर फक्त शहर, वार, तारीख आणि वेळ: फीनिक्स, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारी २ वाजून ४३ मिनिटं. इतकी नेमकी वेळ कोण कशाला सांगेल, एवढ्यानेच माणूस सावध होतो.

मराठी नावं टाकताना जोडाक्षरं आणि रफार तुटलेत का ते प्रत्येक ओळीत बघा, काही एडिटिंग अॅपमध्ये "दिग्दर्शक" हा शब्द सरळ येतच नाही. तसं झालं तर दुसरीकडे लिहून पारदर्शक चित्र म्हणून आणा. मुक्ता, बालू असे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. आणि रक्त ओघळणारी अक्षरं नकोत, साधी अक्षरं आणि योग्य जागी कट यानेच काम होतं.

पायरी ११: दाखवा आणि गप्प बसा

ज्यांना कथा माहीत नाही अशा चार-पाच जणांना दाखवा, एकेकट्याला, टीममधल्या कुणाला नाही. आधी काहीही सांगू नका. संपल्यावर "आवडलं का" विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. विचारा: काय घडलं ते सांग. तुला कुठला प्रश्न पडला? पुढे काय होईल असं वाटतं?

एक म्हणाला म्हातारीला काहीतरी झालंय, दुसरी म्हणाली तो नातू असेल, लपून बसलाय, तिसऱ्याला वाटलं चोर आहे, तर उत्तम. अंदाज वेगळे पण प्रश्न सगळ्यांचा एकच आहे. "कळलंच नाही कोण कुठे होतं" असं उत्तर आलं तर तुम्ही जास्त लपवलंय, पायरी २ आणि ३ वर परत जा आणि एक स्पष्ट शॉट वाढवा, बहुतेक वेळा तो जुन्या पिशव्यांचा क्लोजअप असतो किंवा फ्लॅट एकच आहे हे दाखवणारा रुंद शॉट. सगळ्यांनी एकच अंदाज बरोबर सांगितला तर जास्त सांगितलंय, चष्म्याचा शॉट अर्धा करा किंवा त्या माणसाचा चेहरा काढून फक्त हात ठेवा. आणि बघताना कुणी मध्येच फोन उचलला तर तो नेमका सेकंद लिहून ठेवा, पुढचा कट तिथूनच सुरू करायचा आहे.